दादाला डिप्रेशन आहे, त्याचा दिवस आतून कसा जात असेल?

ऋतुगंध

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. माझा मोठा भाऊ नाशिकला असतो, चाळिशीच्या अलीकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरी वहिनी आणि तिसरीतली मुलगी. दिवाळीनंतर तो हळूहळू बोलायचा कमी झाला, वजन उतरलं, पहाटे तीन-साडेतीनलाच उठून हॉलमध्ये अंधारात बसलेला वहिनीला दिसायचा. आधी सगळ्यांना वाटलं शुगर असेल, मग ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच सायकियाट्रिस्टकडे पाठवलं आणि त्यांनी डिप्रेशन सांगितलं. गोळ्या सुरू होऊन अजून महिना व्हायचाय.

प्रश्न असा आहे की त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणतो, "काही नाही गं, थकलोय." आई म्हणते घर आहे, सरकारी नोकरी आहे, गुणी मुलगी आहे, ह्याला कमी काय आहे. बाबा म्हणतात मनावर घेऊ नकोस. वहिनी बिचारी मधल्यामधे, शाळा, डबा, सासूसासरे आणि हा. मी नवी मुंबईहून रोज फोन करते पण काय बोलायचं तेच कळत नाही, कसा आहेस विचारलं की तो "बरा आहे" म्हणतो आणि मग दोघंही गप्प.

ज्यांनी हे स्वतः काढलंय त्यांनी सांगाल का, सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत आत नक्की काय चालतं? पुस्तकी लक्षणं वाचून झालीत माझी, ती नकोत, मला त्याचा दिवस समजून घ्यायचाय. आणि घरच्यांनी काय केलेलं तुम्हाला खरंच बरं वाटलं होतं तेही सांगा.

भातखाचर

ऋतुगंध, तुम्ही हे विचारलंत ह्याचंच मला भरून आलं, कारण मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी रत्नागिरी जिल्ह्यातली, बँकेत आहे, बरीच वर्षं हे आजारपण येऊन जाऊन आहे. माझं सांगते, दादाचं अगदी तसंच असेल असं नाही.

सगळ्यात वाईट सकाळ. लोकांना वाटतं रात्री रडत असतील, तसं नाही, रात्री त्यातल्या त्यात बरं असतं. पहाटे जाग येते ती झोप पूर्ण झाली म्हणून नाही, खाडकन डोळे उघडतात आणि छातीवर काहीतरी ठेवलेलं असतं, आणि अजून एक आख्खा दिवस काढायचाय हा पहिला विचार. मग तास दोन तास नुसतं पडून छताकडे बघायचं. त्या वेळेत जे विचार येतात ना ते सगळे आपल्याच विरुद्ध साक्ष देणारे असतात, दहावीत असताना कुणाला काय बोलले ते पण आठवतं, आणि ते सगळं खरंच वाटतं हो, डोकं आजारी आहे म्हणून असं दिसतंय हे तेव्हा अजिबात कळत नाही.

मग उठणं. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर चिखलणी केलेल्या खाचरात चालतो तसं, एक पाय उपसून काढायचा, टाकायचा, मग दुसरा. अंघोळ हे एक काम नसतं तेव्हा. उठायचं, टॉवेल शोधायचा, कपडे कुठले ते ठरवायचं, पाणी तापवायचं, केस ओले झाले तर पुसायचे, अशी वीस कामं दिसतात आणि पहिल्याच कामाशी माणूस बसून राहतो. मी बाथरूममधे पाटावर बसून बादली भरून वाहायला लागली तरी बघत बसलेय. बाहेरून नवऱ्याला वाटायचं आत काय करते इतका वेळ.

आणि निर्णय. भाजी कुठली करायची एवढं विचारलं तरी रडू यायचं. सासूबाई प्रेमानेच विचारायच्या, "तुला काय खावंसं वाटतं ते सांग, तेच करते," आणि मला काहीच खावंसं वाटत नसायचं, पण ते सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून काहीतरी नाव घ्यायचं, मग त्यांनी केलं की घशाखाली उतरायचं नाही, मग त्याची टोचणी. दिवसभर ही टोचणी चालू असते. आपण सगळ्यांना ओझं झालोय ही. दादा "काही नाही थकलोय" म्हणतो ना, तो खोटं बोलत नाहीये, आणि तुम्हाला टाळतही नाहीये बहुतेक. सांगायला सुरुवात केली की समोरचा काळजीत पडणार, मग त्याची समजूत काढायची ताकद लागणार, ती नसते. त्यापेक्षा बरा आहे म्हणून फोन ठेवणं जमतं.

एक महत्त्वाचं. संध्याकाळी पाच-सहानंतर मला थोडं मोकळं वाटायचं, चहा घ्यायचे, लेकाशी दोन शब्द बोलायचे. ते बघून घरात कुजबूज, आत्ता बरी आहे की, सकाळीच कसं होतं कामाच्या वेळेला. हे फार लागतं. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी हा ह्या आजाराचा ठरलेला प्रकार आहे, माझ्या डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून हे सांगितलं तेव्हापासून घरातली बोलणी थांबली. दादाचं असं होत असेल तर आईबाबांना एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, तुमचं वहिनीचं ऐकणार नाहीत.

बरं काय वाटलं? नवऱ्याने विचारायचं बंद केलं. म्हणजे काय होतंय, का होतंय, आज कसं वाटतंय हे सगळं बंद. सकाळी तो चहा घेऊन यायचा, माझ्या शेजारी बसून स्वतःचा प्यायचा, पेपर वाचायचा. मग म्हणायचा, चल पडवीत बसू. फिरायला जाऊ असं नाही, पडवीपर्यंतच. गेले तर गेले, नाही तर तोंड वाकडं न करता उद्या परत. ह्या माणसाने किती महिने ते केलंय.

निशाचर_पुणे

वरचं सगळं वाचलं, भातखाचर ताई तुम्ही फार नेमकं लिहिलंत. माझं थोडं वेगळं आहे ते लिहितो कारण पुरुषांचं बऱ्याचदा असं दिसतं आणि घरच्यांच्या लक्षात येत नाही.

मी आयटीत आहे. माझा आजार ऑफिसमधे कुणालाही दिसला नाही, कारण कॅमेरा ऑन करून हसायचं, अपडेट द्यायचा हे जमत होतं. पण ते अर्ध्या तासाचं नाटक झालं की पुढचे दोन तास मी स्क्रीनकडे बघत एकच ओळ परत परत वाचायचो, शब्द कळायचे, अर्थ लागायचा नाही. लक्ष लागत नाही, आठवत नाही, मग रात्री जागून ते काम पूर्ण करायचं, मग झोप नाही, मग सकाळ अजून वाईट. दादा शिक्षक आहेत ना, वर्गात ते कदाचित व्यवस्थित शिकवतही असतील आणि घरी आले की चप्पल काढून तसेच खुर्चीत. वहिनींना वाटत असेल बाहेर बोलतो, घरी बोलत नाही. बाहेर सगळं संपवून येतो माणूस.

दुसरं, दुःख वाटतं असं लोक समजतात, मला तर काहीच वाटत नव्हतं. क्रिकेट बघायचो जीव टाकून, मॅच चालू असताना उठून गेलो तरी फरक पडेना. जेवणाला चव नाही. भाची येऊन गळ्यात पडायची आणि मला आत काहीच हलायचं नाही, मी हात फिरवायचो तिच्या डोक्यावरून कारण तसं करायचं असतं हे माहीत होतं म्हणून. ह्याची जी भीती वाटते ना की आपण आतून माणूसच राहिलो नाही, ती कुणाला सांगता येत नाही. दादाला मुलगी आहे म्हणून मुद्दाम लिहितोय. तो तिच्याशी तुटक वागत असेल तर प्रेम कमी झालंय असं कुणी समजू नका, आणि त्याला तसं ऐकवू तर अजिबात नका, तो स्वतःला ते रोजच ऐकवत असेल. माझं ते आतलं हलणं परत आलं. औषध आणि थेरपी दोन्ही लागलं, पण आलं.

अजून एक म्हणजे चिडचिड. आवाज सहन होत नाही, कुकरची शिट्टी, टीव्ही, गेटची कडी. भांडणं व्हायची घरात, आणि कुणालाच कळायचं नाही हे आजारामुळे आहे.

श्रीकृपा

ताई काळजी करू नका, सगळं ठीक होईल. भावाला सांगा पहाटे उठतोच आहे तर सूर्यनमस्कार घाल, प्राणायाम कर, चांगले विचार मनात आण. मन गुंतवलं पाहिजे. गणपतीला, लग्नकार्याला घेऊन जा, माणसात राहिला की आपोआप बरं वाटेल.

भातखाचर

श्रीकृपा, तुम्ही मायेने लिहिलंय हे कळतंय, पण जरा सांगते. व्यायामाचा उपयोग होतो हे खरंच आहे, डॉक्टरही सांगतात, मी पण आता रोज चालते. पण पहाटे तीन वाजता जो माणूस स्वतःच्या विचारांनी घाबरून बसलाय त्याला सूर्यनमस्कार घाल म्हटलं आणि त्याला जमलं नाही, की त्याच्या हिशोबात अजून एक नापास जमा होतो. चांगले विचार मनात आण म्हणजे तर जे बिघडलंय त्यालाच दुरुस्तीला पाठवायचं. आणि लग्नकार्य नको हो. हॉलभर माणसं, प्रत्येक जण "किती वाळलास रे" म्हणणार, त्याला उत्तर द्यायचं, हसायचं, जेवायचा आग्रह. घरातला दीड दिवसाचा गणपती असेल तर आरतीला पाच मिनिटं उभा राहिला तरी भरपूर, आणि नाही राहिला तरी कुणी बोलवायला जाऊ नये.

मनोविभाग

मी मानसोपचार तज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. ऑनलाइन निदान करणार नाही, दादाचे डॉक्टर आहेतच, पण पहिल्या महिन्यात घरच्यांना जे माहीत असलं पाहिजे ते लिहिते, कारण ओपीडीच्या गर्दीत ते बऱ्याचदा सांगायचं राहतं.

साधारण एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन अशा गटातली गोळी सुरू करतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं, झोप इकडेतिकडे, थोडी अस्वस्थता हे होऊ शकतं. म्हणजे त्रास आधी येतो आणि गुण नंतर. फरक दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. बहुतेक लोक नेमके ह्याच मधल्या काळात "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. तुमचे दादा आत्ता बरोबर त्याच टप्प्यावर आहेत, तेव्हा गोळी वेळेवर जातेय ना एवढं वहिनींनी बघावं. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत, निदान सहा महिने तरी, चालू ठेवायची असते आणि नंतर हळूहळू कमी करायची. एकदम बंद केली तर चक्कर, विजेचे झटके बसल्याचा भास, चिडचिड असं होतं. लैंगिक इच्छा कमी होणं हाही ह्या गोळ्यांचा दुष्परिणाम आहे, लाजून कुणी विचारत नाही आणि मग परस्पर बंद करतात. विचारा, त्यावर उपाय असतात.

ह्या गोळ्यांची सवय लागते का, हा प्रश्न दहातले नऊ नातेवाईक विचारतात. दारूची किंवा झोपेच्या गोळीची लागते तशी लागत नाही. सोबत क्लोनाझेपामसारखी घबराट शांत करणारी, झोपेची गोळी दिली असेल तर ती मात्र सवय लावणारी आहे, म्हणून आम्ही ती थोड्याच दिवसांसाठी देतो, ती स्वतःहून वाढवू नये.

थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन तपासलंय का बघा, शाकाहारी असतील तर बी१२ नक्की. आणि ह्याआधी कधी उलटा काळ आला होता का, म्हणजे झोप अगदी कमी असूनही भरपूर उत्साह, वारेमाप खर्च, मोठमोठे बेत, तर ते डॉक्टरांना सांगा. तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं असतं.

आता जे विचारायला सगळे घाबरतात ते. त्यांना जगणं नको वाटतं का, स्वतःला संपवायचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बरेच जण पहिल्यांदा मोकळं बोलतात. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. उपचाराच्या सुरुवातीला अंगात शक्ती आधी येते आणि मन नंतर सुधारतं असंही होतं, म्हणून हे आठवडे सोबत लागते. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून सुरू आहे. घरच्यांनी स्वतःसाठीही करावा, वहिनींनी तर नक्कीच.

आणि आई म्हणतात ह्याला काय कमी आहे, त्यांना सांगा की २०१५-१६ मधे बंगळुरूच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली, त्यात साधारण वीसातल्या एका प्रौढ माणसाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेला आढळला, आणि त्यावेळी आजारी असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांवर काही उपचारच चालू नव्हते. दादा त्या उरलेल्या पंधरातले आहेत, ही मोठी गोष्ट आहे.

वावरातला

यवतमाळकडचा आहे. आमच्याकडं कुणी मला उदास वाटते असं म्हणत नाही. माझे बाबा दीड वर्ष एवढंच म्हणत होते, "मले काई नाई झालं, आंग दुखते." पाठ, मान, डोकं, छातीत धडधड, ईसीजी झाले, एक्सरे झाले, सलाइन लावून झालं, सगळं नॉर्मल. वावरात जायचे, बांधावर बसून राहायचे, पेरणीची वेळ टळून चालली तरी उठेनात. आम्हाला वाटलं कर्जाचं टेन्शन आहे, ते होतंच, पण ते निस्तरल्यावरही माणूस तसाच. गावच्या आशाताईंनी जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात तिथं न्या म्हणून सांगितलं. तिथं गोळ्या मिळाल्या, केसपेपरचे काय ते पैसे. दीड-दोन महिन्यांनी एक दिवस सकाळी स्वतःहून बैलांना पाणी दाखवायला गेले तेव्हा माय चुलीपाशी बसून रडली.

सांगायचं हे की ताई, तुमचे दादा "थकलोय" म्हणतात तर त्यांना खरंच शरीरानं थकायला होत असेल. झोपून उठल्यावरही थकवा जात नाही ह्या आजारात. "आळस झटक" असं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. बाबांना आम्ही ते लई म्हटलं होतं गावात सगळ्यांनी मिळून.

ऋतुगंध

काय बोलू, सगळ्यांचे खूप खूप आभार. शनिवारी नाशिकला गेले होते. हा सगळा धागा वहिनीला वाचून दाखवला, संध्याकाळी बरं वाटतं ते ऐकून ती म्हणाली, अगं अगदी हेच, मला वाटायचं मुद्दाम करतात. डॉक्टर मॅडमनी लिहिलं तसं मी त्याला विचारलं, गच्चीत बसलो होतो दोघंच. हात थरथरत होते माझे. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला स्वतःला काही करेन असं नाही, पण झोपेतच सगळं संपलं तर बरं असं रोज पहाटे वाटतं. मी रडले नाही तिथे. कधीपासून विचारलं तर दिवाळीच्याही आधीपासून म्हणे. सोमवारी वहिनी त्याच्याबरोबर आत गेली आणि डॉक्टरांना हे सांगितलं, त्यांनी डोस बदललाय आणि दर आठवड्याला बोलावलंय, कौन्सेलिंगपण सुरू करतायत. गोळ्यांचा डबा आता वहिनीच्या कपाटात. बाबांना पुढच्या वेळी सोबत नेणार आहोत.

आता मी फोनवर "कसा आहेस" विचारत नाही. माझ्याकडे काय झालं तेच सांगते, लोकल चुकली, शेजारच्यांनी काय केलं, दोन मिनिटं, तो हूं हूं करतो. काल म्हणाला, "उद्या पण कर."

एक अडचण आहे. डॉक्टर म्हणतात शाळेतून थोडी रजा घ्या. तो तयार नाही, म्हणतो सर्टिफिकेटवर मानसिक आजार आला की तालुकाभर होईल. कुणाला अनुभव आहे का?

निशाचर_पुणे

ताई, "उद्या पण कर" हे वाचून खूप बरं वाटलं. शाळेचं मला माहीत नाही, पण ऑफिसच्या इन्शुरन्सचं सांगतो, २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आल्यापासून विमा कंपन्यांना शरीराच्या आजारासारखंच मानसिक आजारालाही कव्हर द्यावं लागतं. ॲडमिट व्हायची वेळ आली तर उपयोगी पडतं, ओपीडीची फी मात्र बहुतेक पॉलिसीत मिळत नाही. पॉलिसी असेल तर काढून बघा.

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत आहे, आमच्या एका सहकाऱ्याच्या वेळी हे सगळं केलंय. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होत असते, दादांची नोकरी इतकी वर्षं झाली म्हणजे खात्यावर बरीच असणार. मेडिकल सर्टिफिकेटवर ती परिवर्तित करून घेता येते, म्हणजे पगार पूर्ण मिळतो आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. आधी सेवापुस्तकात शिल्लक किती ते केंद्रप्रमुखांकडून किंवा पंचायत समितीतून बघून घ्या, ते वहिनी करू शकतील, दादांना त्यासाठी फेऱ्या मारायला लावू नका. कारण उघड होण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला, वर निशाचर म्हणतायत त्याच कायद्यात आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. मुख्याध्यापकांना भेटायचं तर घरातल्या एकाने भेटावं आणि तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली एवढंच बोलावं. आमच्या त्या सरांनी रजेनंतर एकदम पूर्ण वेळ न येता आधी काही दिवस परीक्षेच्या कामाला येऊन बसायला सुरुवात केली, वर्ग नंतर घेतले, मुख्याध्यापकांनी तेवढं सांभाळून घेतलं. अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आज रात्रीच पाठवतो.